टाके निघाल्यानंतरचं काम

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘मुलाच्या मेंदूतली गाठ काढण्यात यश’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून छापून येते. फोटोत डॉक्टर, आईवडील आणि डोक्यावर टोपी घातलेलं मूल असतं. बातमी डिस्चार्जपाशी संपते. आम्ही त्यापुढच्या भागात काम करतो. आमच्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, स्पीच थेरपिस्टही आहेत. घरच्यांच्या हाती जो कागद पडतो त्यावर औषधांची नावं, मिलिग्रॅम, वेळा, पुढच्या भेटीची तारीख असं सगळं नीट टाइप केलेलं असतं. त्याखाली एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. किती वेळ, कुणी, कसं, काय दिसलं की थांबायचं, यातलं काहीच नसतं. फिट्सचं औषध ‘जमेल तसं द्या’ असं कुणी लिहिणार नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच लिहिलं जातं आणि चालून जातं. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. लांबलं तर माफ करा.

शस्त्रक्रिया मेंदूच्या कुठल्या भागावर झाली, यावर घरी काय वाढून ठेवलंय ते ठरतं. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूजवळची गाठ काढली असेल तर तोल, हाताची थरथर आणि बोलणं यांचा प्रश्न येतो. न आवरणाऱ्या फिट्ससाठी मेंदूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापासून तोडला असेल (हेमिस्फेरोटॉमी), तर विरुद्ध बाजूचा हातपाय कमकुवत राहतो आणि त्याच बाजूची अर्धी नजर जाते. यातली बरीचशी मुलं पुन्हा चालतात, पण त्या हाताची बोटं सुटी सुटी हलवणं बहुधा परत येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. नाहीतर बोटांच्या मागे लागण्यात दोन वर्षं जातात आणि तोच हात वस्तू दाबून धरायला वापरायचं शिकवणं राहून जातं. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हॉर्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीजवळ क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होते. तिच्यात हातपाय ठीक असतात, पण हॉर्मोन आयुष्यभर बाहेरून द्यावी लागू शकतात. अशा मुलाला हायड्रोकॉर्टिसोन (त्यातलंच एक हॉर्मोन) चालू असेल तर तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो आणि गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन द्यावं लागतं. नेमका आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचा आणि कागद औषधाच्या डब्यातच ठेवायचा.

मेड्युलोब्लास्टोमाच्या (लहान मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीच्या) शस्त्रक्रियेनंतर साधारण चौघांतल्या एका मुलाचं बोलणं एक-दोन दिवसांनी अचानक बंद होतं. शुद्धीवर आल्यावर मूल बोललेलं असतं, आणि मग एकदम गप्प. अंग सैल पडतं, रडू आवरत नाही. घरच्यांना वाटतं की काहीतरी बिघडलं, नाहीतर मूल घाबरलंय किंवा रुसलंय. याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत आवाज परततो, पण बोलणं बराच काळ संथ आणि जडच राहू शकतं. या काळात ‘बोल ना, एकदा आई म्हण’ असा आग्रह धरू नये. दोन चित्रं किंवा दोन वस्तू समोर धरून ‘हे की हे?’ विचारावं आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. नजर जिकडे जाईल ते उत्तर. दहापर्यंत मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. मोठी माणसं तिसऱ्या सेकंदालाच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि मुलाच्या डोक्यात तयार होत आलेलं उत्तर पुसलं जातं.

व्यायामाकडे वळण्याआधी धोक्याच्या खुणा. जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखं स्वच्छ काही गळत असेल, जखमेखाली मऊ फुगवटा वाढत असेल, ताप आणि मान ताठ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. शंट (मेंदूत साठणारं पाणी बाहेर वळवणारी नळी) बसवलेला असेल तर सकाळची डोकेदुखी, उलट्या आणि झोपाळूपणा हे त्रिकूट लक्षात ठेवायचं. यातली नेहमीची चूक म्हणजे उलट्या पोट बिघडल्याच्या समजून दोन दिवस घरी काढणं. जुलाब नाहीत, घरात दुसऱ्या कुणाला त्रास नाही, आणि मूल उलट्यांमागोमाग पेंगतंय, तर आधी शंटची शंका घ्यायची. एकाच मुलाचा शंट पुन्हा तुंबला तर लक्षणंही बहुतेक वेळा पूर्वीसारखीच असतात, म्हणून पहिल्या वेळची लक्षणं तारखेसह लिहून ठेवावीत. शंटमधला पाण्याचा वेग ठरवणारा व्हॉल्व्ह चुंबकाने जुळवण्याचा असेल तर चुंबकाची खेळणी, हेडफोन, टॅबलेटचं चुंबकी कव्हर डोक्याजवळ नको आणि एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्यायचं. डोक्याचं हाड काढून ठेवलेलं असेल तर मूल बसतं किंवा उभं राहतं त्या प्रत्येक वेळी हेल्मेट. ‘दोनच पावलं तर चालायचीत’ याला अपवाद नाही.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात बोट, चमचा, पाणी, गिळायचं औषध काही घालायचं नाही. पाच मिनिटं उलटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) डोस नाकात किंवा गालाच्या आत द्यायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. हे सगळं आजी-आजोबांनाही करून दाखवलेलं असावं, कारण फिट कधी येईल आणि तेव्हा घरात कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

आता मुख्य मुद्दा. ‘रोज व्यायाम करून घ्या’ म्हटलं की घरचे सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास काढतात, सतरंजी घालतात, हातपाय हलवून घेतात. उरलेले तेरा तास मूल जागं असतं आणि त्यात त्याला कपडे घातले जातात, भरवलं जातं, उचलून नेलं जातं. म्हणजे एक तास शिकवणी आणि तेरा तास उलटा अभ्यास. यात कुणाचा आळस नाही, उलट मायाच आहे. सकाळी घाईही असते. पण मेंदू जे वारंवार करतो तेच शिकतो, आणि दुसऱ्याने हलवलेला हात शिकत नाही. सांधा मोकळा राहतो एवढंच.

शर्टाचं उदाहरण घेऊ. समोरून बटणांचा, एक माप मोठा शर्ट घ्यायचा. मूल पाठ टेकून, दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीच्या खुर्चीत बसलेलं हवं. पाय लोंबकळत असतील तर तोल सांभाळण्यातच लक्ष जातं आणि हात चालत नाहीत. शर्ट मांडीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर गुडघ्याकडे. कमकुवत हात आधी. चांगल्या हाताने बाही गोळा करून कमकुवत हाताच्या बोटांवरून चढवायची, कोपराच्या वर गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथेच बहुतेकांचं बिनसतं: बाही कोपराखाली राहते, शर्ट पाठीमागे ओढला की ती निसटते, आणि मूल चिडतं. बाही खांद्यापर्यंत चढली की कॉलर धरून शर्ट पाठीमागून दुसऱ्या खांद्यावर आणायचा, मग चांगला हात. काढताना बरोबर उलट, चांगला हात आधी बाहेर.

हे सगळं पहिल्या दिवशी मुलाकडून करून घ्यायचं नाही. आधी सगळं आपण करायचं आणि फक्त शेवटचं काम, समजा शर्टाची खालची कड ओढून सरळ करणं, मुलावर सोडायचं. ते सलग तीन दिवस विनामदत जमलं की शेवटून दुसरं. अशी मागून पुढे शिकवण्याची पद्धत आम्ही पसंत करतो, कारण काम दर वेळी मुलाच्या हातून पुरं होतं. पुढून शिकवलं तर मूल दर वेळी अर्ध्यात अडकतं आणि आपण पुरं करतो. त्यातून ते एवढंच शिकतं की शेवटी कुणीतरी येतंच. वेळ किती लागतो ते घड्याळ लावून टिपा. अठरा मिनिटं लागत असतील तर शाळेच्या सकाळी हा उद्योग नको. संध्याकाळी घरचे कपडे घालताना करा. रोज एकदाच, पण ठरलेल्या वेळी आणि त्याच क्रमाने. आई एका क्रमाने आणि बाबा दुसऱ्याने शिकवत असतील तर मूल दोन्ही विसरतं, म्हणून क्रम कपाटाच्या दारावर चिकटवावा.

कमकुवत हाताबद्दल आणखी थोडं. त्या हाताला धरून मुलाला कधीही ओढू किंवा उठवू नका. खांद्याभोवतीचे स्नायू सैल असतील तर सांधा खाली सरकतो, दुखू लागतो, आणि दुखणारा हात मूल वापरणं सोडतं. उठवताना आधार छातीच्या पिंजऱ्याला किंवा कमरेला. चांगल्या हाताला मोजा चढवून कमकुवत हाताला कामाला लावण्याच्या पद्धतीबद्दल घरचे हमखास विचारतात. ती उपयोगी आहे, पण त्या हाताला निदान काहीतरी पकडता-सोडता येत असेल तरच. काहीच येत नसताना चांगला हात बांधणं म्हणजे मुलाला दोन्ही हातांनी लुळं करणं. सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलांच्या अभ्यासांत हाताचं काम दिसण्याइतकं सुधारायला एकूण साधारण ३० ते ४० तासांचा सराव लागतो असं आढळलंय. रोज एक तास धरला तरी महिना-सव्वा महिना. आठवड्यातून दोनदा थेरपिस्टकडे पाऊण तास, एवढ्यावर हा हिशेब बसत नाही. उरलेले तास घरातूनच यावे लागतात आणि ते खेळात, कामात मिसळले तरच येतात. बाटली दाबून धरून झाकण उघडणं, कागद धरून कात्री चालवणं, टॉवेलची घडी, दोन हातांनी चेंडू, अशी दोन्ही हात लागणारी कामं निवडा. थोडं अवघड हवं, पण दहातल्या सातेक वेळा जमेल इतकंच अवघड.

पायासाठी एएफओ नावाचा प्लास्टिकचा आधार मिळतो. तो महाग असतो, आणि बऱ्याच घरांत कपाटावर पडून असतो, कारण ‘टोचतो’. टोचण्याचं कारण बहुतेक वेळा घालण्याच्या पद्धतीत सापडतं. शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंतचा मोजा, सुरकुती न ठेवता. गुडघा वाकवून टाच पूर्ण मागे आणि खाली बसवायची, आधी घोट्याचा पट्टा आवळायचा आणि मगच पिंढरीचा. पिंढरीचा आधी आवळला की टाच वर राहते आणि चालताना घासते. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, मग काढून कातडी बघायची. लाली २०-३० मिनिटांत गेली तर ठीक, रोज वेळ वाढवत न्यायची. लाली तशीच राहिली किंवा फोड आला तर घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे जायचं. कापूस कोंबून भागवायचं नाही. बूट एक माप मोठा, आतला सुटा तळवा काढलेला. मूल वाढतं, आधार वाढत नाही, त्यामुळे दर भेटीला बोटं पुढे येतायत का आणि घोट्याचं हाड आधारातल्या त्याच्या जागेशी जुळतंय का ते तपासून घ्यावं.

पिंढरी ताणताना एक चूक सर्रास होते: पंजा धरून वर ढकलतात. त्याने पाऊल मधोमध वाकतं आणि टाच आहे तिथेच राहते. टाच तळहातात धरून खाली ओढायची, आपल्या कोपरापुढच्या हाताने तळवा वर रेटायचा, गुडघा सरळ. अर्धं मिनिट धरून चार-पाचदा, झटका न देता. पण खरं सांगायचं तर रोजच्या पाच मिनिटांच्या ताणण्याचा परिणाम फार टिकत नाही. टाच टेकवून टेबलाशी उभं राहून अर्धा तास खेळणं किंवा थेरपिस्टने सांगितलेला रात्रीचा स्प्लिंट, अशा लांब वेळ ताणात ठेवणाऱ्या गोष्टींवर आमचा भर जास्त असतो.

लहान मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा प्रश्न वेगळा. ताकद असते, नेम नसतो. वस्तूजवळ जाता जाता थरथर वाढते, पेला तोंडापाशी येऊन सांडतो. इथे कोपर टेबलावर टेकवून काम करायला शिकवलं की निम्मा त्रास कमी होतो. टेबल छातीच्या खालच्या टोकापर्यंत उंच हवं. पेला जड बुडाचा, झाकणाचा, अर्धाच भरलेला. ताटलीखाली ओला कपडा, म्हणजे ती सरकत नाही. चालवताना लोक मुलाचे दोन्ही हात वर धरून चालवतात. त्यात मूल आपला तोल तुमच्या हातांवर टाकतं आणि स्वतःच्या कमरेला काही शिकवत नाही. मागे राहून दोन्ही बाजूंनी कंबर हलकेच धरायची, मूल डुलेल तेवढं डुलू द्यायचं आणि पडेल इतकं कललं की सावरायचं. अर्धांग कमजोर असेल तर त्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमकुवत पाय आधी, आणि दोन्ही वेळा तुम्ही मुलाच्या खालच्या पायरीवर.

गिळण्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पाणी पिताना ठसका लागणं, गिळल्यावर आवाज ओला घरघरता येणं, डोळ्यांत पाणी, वरचेवर छातीत कफ आणि ताप या खुणा. पण काही मुलांना पाणी श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही, म्हणून ‘खोकत नाही म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. तपासणीनंतर दाट पाणी (पावडर मिसळून घट्ट केलेलं) सांगितलं असेल तर ते किती दाट, याची आंतरराष्ट्रीय पातळी असते, आयडीडीएसआय नावाची, शून्य ते सात. घरी तपासायला दहा मिलीची बिनसुईची सिरिंज पुरते. आधी मोजपट्टीने बघा, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं; सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात. दट्ट्या काढा, खालचं टोक बोटाने बंद करा, दाट केलेलं पाणी दहाच्या खुणेपर्यंत भरा. बोट काढा, दहा सेकंद मोजा, बोट लावा. आत एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साधं पाणीच. एक ते चार उरलं तर पातळी एक, चार ते आठ तर दोन, आठपेक्षा जास्त तर तीन. काही गळलंच नाही तर ती चार किंवा त्याहून वरची, चमच्याने द्यायची.

ही दोन मिनिटांची परीक्षा, आणि तिचं महत्त्व पहिल्याच आठवड्यात कळतं, कारण डोळ्यांच्या अंदाजाने घातलेली पावडर सकाळी कमी पडते आणि संध्याकाळी जास्त. स्टार्चची पावडर पेल्यात ठेवली की दाट होत जाते, आणि तोंडातला चमचा पुन्हा पेल्यात बुडवला की लाळेने पातळ होते. म्हणून थोडं थोडं बनवा. झँथन गमची पावडर जास्त स्थिर राहते. जितकं दाट तितकं सुरक्षित, हेही खरं नाही. फार दाट पाणी मूल कमी पितं, लघवी गडद होते, बद्धकोष्ठ होतो. सांगितलेल्या पातळीच्या वर जायचं नाही. पाजताना मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आडवं करून बाटलीने किंवा स्ट्रॉने पाजणं, तपासणीत चालेल असं सांगितलं नसेल तर नको.

थकव्याला लोक आळस म्हणतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा थकवा झोपून जात नाही आणि त्याची सुरुवात अंगात दिसत नाही, कामात दिसते. अक्षर बिघडतं, तेच वाक्य तीनदा वाचलं जातं, क्षुल्लक गोष्टीवर भडका उडतो. थकल्यावर विश्रांती देऊन उपयोग कमी, कारण तोवर दिवस हातचा गेलेला असतो. घड्याळाने विश्रांती द्यावी: वीस मिनिटं काम, दहा मिनिटं काहीच नाही. ‘काहीच नाही’ म्हणजे मोबाइलही नाही. चिडचिडीचं कारण शोधताना औषधांचा कागदही बघा. लेव्हेटिरॅसेटॅम या फिट्सच्या औषधाने काही मुलं फार चिडखोर होतात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने भूक, झोप, मूड सगळं बदलतं, चेहरा सुजतो आणि मांड्यांची ताकद जाते, त्यामुळे ‘कालपर्यंत उठत होता, आज जमिनीवरून उठत नाही’ असं होतं. यातलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही. अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना तारखेनिशी सांगायचं, ते पर्याय देतात किंवा टप्प्याटप्प्याने कमी करतात.

शाळा. पहिल्या आठवड्यात दोन तास, तेही सकाळचे. संध्याकाळी मूल कोलमडत नसेल तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवायचा. नजरेची उजवी बाजू गेली असेल तर मुलाला वर्गाच्या उजव्या टोकाला बसवावं, म्हणजे फळा आणि मुलं डावीकडे, दिसत्या बाजूला येतात. डावी गेली असेल तर उलट, आणि वहीच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारून ‘रेघ दिसेपर्यंत मान वळव’ हे शिकवावं. नाहीतर ओळीची सुरुवातच सापडत नाही, आणि शिक्षक म्हणतात वाचता येत नाही. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध दिलेल्या मुलाला उंच स्वर ऐकू येणं कमी होतं. हाक मारली की वळतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, पण स, श, फ, थ एकमेकांत मिसळतात. श्रवण तपासणी ठरलेल्या अंतराने व्हायलाच हवी. पेपरात जास्तीचा वेळ मागताना लाजू नये. रेडिएशननंतर आधी मंदावतो तो विचारांचा वेग. उत्तर येत असतं, वेळेत येत नाही.

‘लहान आहे, भरून काढेल’ हे वाक्य घरच्यांना सगळीकडे ऐकवलं जातं. अर्धंच खरं आहे. लहान मुलाच्या मेंदूत लवचिकता असते, पण न झालेलं शिक्षणही पुढेच पडलेलं असतं. पहिली-दुसरीत चांगलं चाललेलं मूल पाचवी-सहावीत अडखळतं, कारण तिथे स्वतः आखणी करणं, टिपणं काढणं, दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं लागतं, आणि त्या क्षमतांवर घाव आधीच बसलेला असतो. तो घाव नवा नसतो, मागणी नवी असते. म्हणून मानसशास्त्रीय चाचणी एकदा करून फाइलला लावू नये. शाळेचा प्रत्येक टप्पा बदलण्याआधी पुन्हा करावी.

राहता राहिले घरचे. सगळं एकाच माणसावर, बहुधा आईवर, असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कार्यक्रम ढासळतो. आम्हाला याचा अंदाज घरी व्यायामाची नोंद ठेवायच्या वहीवरून येतो. सुरुवातीला पानं भरलेली, मग ‘केलं’ एवढंच, मग कोरी. यावर घरच्यांना रागावणारे थेरपिस्टही आहेत. आमच्या मते चूक कार्यक्रम आखणाऱ्याची. एका वेळी दोन उद्दिष्टं पुरेत, तीही मोजता येतील अशी. ‘हात सुधारणे’ नको. ‘शर्टाची उजवी बाही विनामदत, आठवड्यात पाच दिवस’ हवं. भावंडांना खेळात घ्यावं, पहारेकरी करू नये. आठवड्यातली एक दुपार कार्यक्रम नाही, असं लेखी असावं.

आमची मागणी साधी आहे. डिस्चार्जच्या कागदाला आणखी एक पान जोडावं. त्यावर मुलाला उचलायचं कसं, पाजायचं कोणत्या पातळीचं, आधार किती तास, दोन उद्दिष्टं, आणि कोणती खूण दिसली की कुणाला फोन. घरातल्या किमान दोघांनी या गोष्टी नर्स किंवा थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवल्याशिवाय सही होऊ नये. ऐकून ‘हो हो, समजलं’ म्हणणं मोजू नये. आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी यशस्वी शस्त्रक्रियेची बातमी आणाल तेव्हा फोटो काढून झाल्यावर एवढं विचारा: उद्या सकाळी याला शर्ट कोण घालणार, आणि कसा घालायचा ते त्यांना कुणी दाखवलंय का?

कळावे,

आपले,
मुलांच्या पुनर्वसनात काम करणारे काही थेरपिस्ट